पिकअप घ्यायची म्हणतेस, तर ऐक

छोटे, माझी व्ही-क्रॉस पिकअप कशी निघाली आणि मीही घेऊ का, असं तू विचारलंस. फोनवर मी नुसतं 'चांगली आहे' म्हटलं, कारण मोंढ्यात चारचौघांत उभी होते. आता निवांत बसलेय, तर मनातलं सगळं सांगते. तुझ्या दाजींनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांना यातलं बरंचसं मी तोंडावरच सांगितलंय.

आधी सुखाचं. या गाडीत बसलं की उंचीचा फार आधार वाटतो. भर कपाशीतल्या पाणंदीतून जाताना पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून पलीकडचा धुरा दिसतो, समोरून बैलगाडी येतेय की ट्रॅक्टर हे वळणाआधीच कळतं. इंजिन १.९ लिटरचं, डिझेलवरचं, १६३ अश्वशक्तीचं. पण शेतावरच्या कामाला अश्वशक्तीपेक्षा दुसरा आकडा बघायचा असतो, तो म्हणजे ३६० न्यूटन-मीटर, चाक फिरवायचा जोर. हा जोर इंजिनाच्या मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांतच मिळतो. त्यामुळे चढावर गाडीला रडवावं लागत नाही, पाय हलका ठेवला तरी ती वर चढते. २०१६ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा इंजिन अडीच लिटरचं होतं, २०२१ पासून हे लहान आणि जास्त जोराचं आलं. तू जुनी बघायला गेलीस तर दोन्ही समोर येतील. म्हणून गाडीचं साल नीट विचार.

डिझेलची खडखड मात्र ऐकू येते. कुणी म्हणालं आत कारसारखी शांतता असते, तर विश्वास ठेवू नकोस. आणि मागच्या चाकांवर पाटे आहेत, ट्रकला असतात तसे. हौदा रिकामा असला की खड्ड्यावर मागचा भाग उडतो. मागच्या सीटवर आईला बसवून परभणीला नेलं, तर जाताना तिची कंबर बोलायला लागली. येताना हौद्यात सरकी पेंडीची पोती होती, तर आई मानवत रोडपर्यंत झोपली. पाट्यांना थोडा भार लागतो, तेव्हा कुठे गाडी रस्त्यावर बसते. गावाकडची म्हातारी माणसं दवाखान्यात न्यायची असतील, तर हे आधी लक्षात घे.

लांबीचं म्हणशील तर ती सव्वासतरा फुटांहून जास्त आहे. आपल्या वाड्याच्या बोळात ती शिरते, पण वळत नाही. परभणीत जुन्या गावात नेऊच नये, बाहेर लावावी आणि पायी जावं. मागे घेताना कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नकोस, पावसाळ्यात त्याच्यावर चिखल बसतो. खाली उतरून एकदा मागे बघून ये. चार माणसं हातवारे करत येतील, 'या या, आणखी या' म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस, कारण त्यातला एकही तुझ्या आरशात बघत नसतो.

आता तुझ्या कामाच्या गोष्टीकडे येते. दिसायला ही गाडी एवढी थोरली, पण हौद्यात वजन नेण्याची तिला जी मुभा आहे ती अर्ध्या टनाच्याही आत. टोयोटाची हायलक्स घेतलीस तरी तीच गत. तिचं इंजिन २.८ लिटरचं, २०४ अश्वशक्तीचं, किंमतही आणखी वरची, पण भाराची हद्द अर्ध्या टनाच्या आतच. आणि आपल्या मोंढ्यात रांगेनं उभ्या असतात त्या बोलेरो पिकअप सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत माल नेतात, निम्म्याहून कमी किमतीत. म्हणजे सोयाबीन मोंढ्यात न्यायचं हेच तुझं मुख्य काम असेल, तर व्ही-क्रॉस तुझी गाडी नव्हे. साठ किलोचे चार-पाच कट्टे टाकले की मी थांबते. वर आणखी दोन टाकले तर गाडी लगेच मोडत नाही हे खरं, पण ब्रेक लागायला अंतर वाढतं, पुढचं चाक हलकं पडतं, आणि काही झालं तर विम्यावाला पहिलं वजनच विचारतो. शोरूमवाल्याकडून भाराचा आकडा तोंडी घेऊ नकोस, लेखी माग.

मग मी का घेतली, असं तू म्हणशील. माझं काम वेगळं आहे. माझं रान जिंतूरकडचं, निम्मं मुरमाड, निम्मं चढउताराचं. मला आठवड्यातून अनेकदा ठिबकच्या नळ्या, मोटर, औषधाचे डबे, फवारणीचा पंप आणि दोन माणसं एकाच फेरीत वर न्यावी लागतात. घरच्या चौघांना लग्नकार्याला जायलाही तीच गाडी हवी, कारण दोन गाड्या पोसायची ऐपत नाही. पाच माणसांची जागा, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना जोर, हे तिन्ही एकत्र पाहिजे असेल तरच एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे. यातलं एक जरी गरजेचं नसेल तरी स्वस्तात भागतं.

चारही चाकांच्या जोराबद्दल तुला सविस्तर सांगते, कारण तुझं रान गोदाकाठचं, खोल काळ्या मातीचं. तिथं या गाडीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज होतो.

गिअरजवळ एक गोल बटण आहे. टू-एच, फोर-एच, फोर-एल अशा तीन खुणा. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात, रोजचा रस्ता त्यावरच. बटण फोर-एचवर फिरवलं की समोरच्या पाटीवर दिवा लुकलुकतो आणि पुढचा आस जोडला गेला की स्थिर होतो. तो स्थिर होईपर्यंत चिखलात घुसू नकोस. फोर-एल घ्यायला गाडी थांबवून न्यूट्रलला आणावी लागते. त्यात वेग गोगलगायीचा, पण जोर दुपटीहून जास्त होतो. नेमगिरीच्या बाजूच्या मुरमाड उतारावर फोर-एलमध्ये पहिला गिअर टाकून ब्रेकला पाय न लावता मी खाली येते, गाडी इंजिनच धरून ठेवतं. हे एकदा जमलं की उताराची भीती जाते. ज्यानं हे केलं नाही त्याला वाटतं ब्रेक दाबला की झालं. खडीच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही.

आणि डांबरावर फोर-एच लावून फिरू नकोस, कुणी कितीही म्हणो की पकड चांगली येते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. ओल्या मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. सगळा ताण आतल्या दात्यांवर आणि आसावर येतो, गाडी वळताना अडखळते, स्टिअरिंग जड होतं. असं झालं की समज, बटण चुकीच्या जागी आहे.

आता काळी माती. आपल्या जिल्ह्याची ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात तडकून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात चिकणाचं प्रमाणच तसं आहे. जुलैत दोन दिवस झड लागली की पहिल्या पन्नास पावलांतच टायरच्या खाचा बुजतात. मग टायरला पकड नावाला उरत नाही, तो रस्त्यावर फिरवायचा रूळ होतो. वर माती चाकाच्या आणि पत्र्याच्या मधल्या जागेत भरत जाते, इतकी, की चाकाला फिरायला जागा उरत नाही. आमच्या खालच्या रानात मी हे जवळून बघितलंय. चालतानाही तेच, खाली बसून पायाची माती खुरप्यानं काढायची, पाऊल उचलायचं, आणि पुढच्या पावलाला तेवढीच परत चिकटलेली. अशा मातीत टू-एचमध्ये दोन चाकं जागेवर फिरतात, फोर-एचमध्ये चार. एवढाच फरक. उलट चार चाकांच्या जोरामुळे माणूस आणखी आत जातो आणि जिथं ट्रॅक्टरही येऊ शकत नाही तिथं जाऊन रुततो.

म्हणून पेरणीला जो नियम तोच गाडीला लाव. वापसा आला का बघ. मुठीत माती दाबून उघडलीस आणि ती हाताला न चिकटता फुटली, तर गाडी घाल. गोळा होऊन बोटांना चिकटली, तर पाणंदीच्या तोंडाशी गाडी लाव आणि पायी जा. तुझी गाडी बाहेर निघाली तरी मागे ज्या चाकोऱ्या पडतात त्या चार दिवसांत वाळून दगड होतात. त्यातून शाळेत जाणारी पोरं सायकली घेऊन जातात, भारा डोक्यावर घेऊन बाया येतात, गाभण म्हशी येतात. पाणंद एकटीची नसते. मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली, काही वाटांवर मुरूम पडला, पण बऱ्याच वाटा अजून नुसत्या काळ्या आहेत. त्या सांभाळणं आपल्याच हातात आहे. आणि पिकाच्या रानात तर दोन टनांची गाडी ओलीत कधीच घालू नकोस. माती दबते, पाणी मुरत नाही, पुढच्या हंगामात त्या पट्ट्यातलं पीक पिवळं राहतं.

कधी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नकोस, प्रत्येक फेऱ्याला चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची माती काढ, तुराट्या किंवा दगड घाल, टायरची हवा थोडी कमी कर, मग हळू काढ. ट्रॅक्टर बोलावलास तर दोर गाडीच्या चासीला जे कडं दिलेलं असतं त्यालाच बांधायला लाव, बंपरला नव्हे. आणि ओढताना दोराच्या आसपास पोरंटोरं उभी राहू देऊ नकोस. ताणलेला दोर तुटला तर माणूस मारतो.

पाण्याबद्दल मात्र मी तुला मोठी म्हणून बजावते. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात काय पाणी झालं ते तू पाहिलंयस. गोदा, दुधना, पूर्णा, सगळ्या एकदम भरतात, आणि फरशी पूल पाण्याखाली जातात. उंच गाडी हातात आली की माणसाला वाटतं, आपली निघेल. हायलक्सवाले ७०० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं सांगतात, पण तो आकडा उभ्या पाण्याचा, तळ ठाऊक असलेल्या जागेचा. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठी गाडी उचलतं, कारण बंद केबिनमुळे ती तरंगायला लागते आणि चाकांची पकड सुटते. शिवाय पुलाची फरशी खाली शाबूत आहे की वाहून गेलीय, हे वरून दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या गावात कुणाच्याही ओसरीवर बस. आपल्या भागात बाईमाणसाला चहा विचारल्याशिवाय कुणी राहत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट, विकणारा सांगत नाही म्हणून. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. गाव ते शेत अशा छोट्या फेऱ्याच मारत राहिलीस तर ती भरते आणि दिवा लागतो. अधूनमधून महामार्गावर अर्धा तास सलग पळवावी लागते. मी परभणी ते पाथरी अशी एखादी फेरी काम काढून करते. डिझेल मला लिटरला अकरा-बारा किलोमीटर पडतं. सर्व्हिस सेंटर तुझ्या घरापासून किती लांब आहे तेही आधी विचार. पाटा, क्लच गावातला मिस्त्री बघेल, इंजिनातलं इलेक्ट्रॉनिक काम त्याच्याच्यानं होणार नाही.

पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर घरचा माल नेता येतो, भाडं मारता येत नाही. गावात रोज कुणीतरी म्हणेल, 'ताई, एवढी एक फेरी मारा की, डिझेलचे पैसे देतो.' नातं राखून पण नाही म्हण. अडीअडचणीला, दवाखान्याला, बाळंतपणाला फुकट ने, रात्री दोनला उठून ने. पण पैसे घेऊन माल नेलास आणि वाटेत काही झालं, तर विमा मिळत नाही. बोलेरो पिकअप पिवळ्या पाटीवर घेतलीस तर भाडं रीतसर करता येईल. त्यासाठी वेगळं लायसन्स काढावं लागतं असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगून टाकलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं.

हौद्यात माणसं बसवायची नाहीत. वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला बाया गाडीपाशी येऊन उभ्या राहतात. पदर खोचलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं फाळका धरलेला, आणि एक पाय वर टाकलेला सुद्धा असतो. त्यांना सगळे असंच नेतात, त्यात वावगं काही वाटत नाही त्यांना. पण ४ एप्रिल २०२५ आठव. नांदेड तालुक्यातल्या आलेगावच्या शिवारात, हळदीच्या रानात निघालेला ट्रॅक्टर विहिरीत गेला. ट्रॉलीतल्या सात बाया गेल्या, वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या. आपल्यासारख्याच, पोटासाठी निघालेल्या. तेव्हापासून मी ठरवलं, केबिनमध्ये जितक्या बसतील तितक्याच, पट्टा लावून. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी. अर्धा तास जातो, डिझेल जळतं, मुकादम कुरकुरतो. कुरकुरू दे. पहिल्या आठवड्यात त्या बाया संकोचानं सीटच्या कडेवर बसायच्या, चिखलाचे पाय लागतील म्हणून. मी खाली गोणपाट टाकलं, तेव्हा कुठे नीट टेकल्या. गाडी धुता येते, हे त्यांना आपल्यालाच सांगावं लागतं.

शेवटचं, आणि हे लिहायलाच मी बसले. गाडी तुझ्या नावावर घेशील ना? नवऱ्याच्या नावावर कर्ज सोपं होतं, दिराचा ओळखीचा एजंट आहे, असं घरात निघेल. ऐकून घे आणि आपल्या नावावर घे. शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली. त्या पिढीच्या बायकांना कागद मिळाला, पण मोंढ्यात जायला गाडी कुणाची तरी मागावीच लागायची, आणि ज्याची गाडी तोच भाव ठरवून यायचा. आपल्या आईचं आयुष्य त्यात गेलं. नाव तुझं आणि चावी खुंटीवर, ज्याला हवी त्यानं उचलावी, असं झालं तर त्या नावाला काय अर्थ? मी माझी चावी माझ्या पर्समध्ये ठेवते. दाजींना लागली तर ते मागून घेतात, आणि मीही डिझेल किती आहे ते विचारून देते. त्यात भांडण नाही, मान आहे. गेल्या हंगामात माल घेऊन मी स्वतः गेले, काट्यावर उभी राहिले, पट्टी हातात घेऊन वाचली. तिथला माणूस आधी दाजींना शोधत होता. आता माझ्याशी बोलतो.

आणि कोणती घ्यायची, याबद्दल माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी बोलेरो पिकअप, व्ही-क्रॉस नव्हे. तुझं रान काळं, सपाट, माल जास्त, आणि घरात माणसांसाठी जुनी कार आहेच. उरलेले पैसे पाणंदीवर मुरूम टाकायला आणि विहिरीच्या कठड्याला लाव. पण गाडी कोणतीही घेतलीस तरी चालवायला तू शीक, ड्रायव्हर ठेवायच्या आधी. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी तीस दिवस थांबावं लागतं, आणि शिकाऊ सहा महिने चालतं. म्हणजे आत्ता अर्ज भरलास तर वेचणीच्या आत पक्कं हातात येईल. अर्ज भर आणि इकडे ये. गाडी माझी घे, शिकवते मी.